पिवळ्या रेघांमधलं घर

पेठेतलं जुनं घर पाडायला काढलं की पुढचे चार दिवस कोल्हापुरात काय होणार हे आधीच सांगता येतं. पहिल्या दिवशी कुणीतरी उघड्या पडलेल्या भिंतीचा व्हिडिओ काढतो, त्यावर बासरी लावतो आणि 'पेठेचं पेठपण गेलं' असं लिहितो. दुसऱ्या दिवशी उत्तर येतं: 'ज्याचं जळतं त्याला कळतं. पावसाळ्यात गळतीखाली घमेली मांडून झोपायची तयारी असेल तर या राहायला.' तिसऱ्या दिवशी 'वारसा' आणि 'विकास' हे दोन शब्द एकमेकांना भिडतात. चौथ्या दिवशी राडारोडा ट्रॅक्टरमधून निघून जातो, आणि त्याच्यामागून वादही. सहा महिन्यांनी मात्र समोरासमोर जन्म काढलेल्या दोघांत पैज लागते: सोपा, म्हणजे पुढची ओसरी, तीन खणांचा (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) होता की पाच? आड उजव्या हाताला होता की न्हाणीमागं? खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही.

दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथली बहुतेक जुनी घरं टिकणार नाहीत, हे एकदा मान्य करून टाकावं. पण घर पाडणं ही एक गोष्ट आणि घराची नोंद पुसणं ही दुसरी. पहिला हक्क मालकाचा आहे; दुसरा कुणाचाच नाही. म्हणून मागणी एवढीच, की साठ वर्षांपेक्षा जुनं कुठलंही घर उतरवण्याआधी त्याचं मोजमाप, फोटो आणि तिथं कोण कोण राहिलं याचं टिपण ही बांधकाम परवान्याची अट असावी आणि तिचा खर्च महापालिकेनं विकास शुल्कातून करावा. आणि जी घरं आधीच गेली, त्यांचा माग आठवणींऐवजी कागदांतून काढावा. तो निघतो; फक्त कुठं बघायचं ते ठाऊक हवं.

आधी पाडणाऱ्यांचं जे खरं आहे ते खरं म्हणू. ही घरं राहायला अवघड झाली ती मालकांच्या हलगर्जीपणानं नव्हे. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. पण महिना पंधरा रुपयांवर चार टक्के म्हणजे साठ पैसे, त्यात एक कौलसुद्धा येत नाही. त्यात पाच भावांची वाटणी. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर. दगडी जोत्यावर उभी असलेली पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या विटांची, दोन फुटी भिंत पाण्यात असताना बऱ्याचदा तग धरते. धोका खरा असतो पाणी उतरल्यावर. बाहेरून आधार देणारं पाणी गेलेलं असतं, आतली माती अजून चिखल असते, आणि वर तुळयांचं ओझं तसंच. पूर ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी भिंत बसते ती यामुळं. अशा घरातल्या माणसाला 'वारसा जपा' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं. धोकादायक इमारतीची नोटीस, म्हणजे महापालिका अधिनियमाचं कलम २६४, उगीच लिहिलेलं नाही. (ती नोटीस कधी कधी भाडेकरू काढण्यासाठी मालकालाच हवी असते, हा वेगळा आणि मोठा विषय.)

एवढं मान्य केल्यावरही प्रश्न उरतोच: पाडायचं ठरलंय ना, मग पाडण्याआधी दोन दिवस टेप का लावला जात नाही?

पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या विटांच्या घरांचे पाये तिथं उघडे झाले, मोजले गेले, कागदावर आले. त्या टेकाडातूनच आलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथं राहणाऱ्याच्या भिंतीची जाडी आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याच टेकाडापासून चालत दहा मिनिटांवर गेल्या दिवाळीनंतर उतरवलेल्या घराची नाही. हे कुठलं तर्कशास्त्र? घर मातीखाली गाडलं गेलं की मौल्यवान, आणि डोळ्यांदेखत उभं असलं की अडगळ?

गावाच्या तटबंदीचंही हेच झालं. वेशी गेल्या, नावं उरली. गंगावेशीत आज वेस नाही, रंकाळावेशीत नाही. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर सोडतो एवढंच. बिंदू चौकात तटाचा तुकडा उभा आहे म्हणून तटाची उंची आणि दगडाची घडण निदान डोळ्यांना दिसते. कपिलतीर्थ हे तीर्थ होतं, आता मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि जोराचा पाऊस झाला की मैदान आपलं जुनं नाव आठवतं, तळं होतं. जागा काय होती हे विसरण्याची किंमत त्याच जागी मोजावी लागते.

'फोटो आहेत की' हे उत्तर नेहमी येतं. आहेत, आणि कामाचेही आहेत. कोल्हापुरात तर तालमींनी आपल्याही नकळत गल्ल्यांचं दस्तऐवजीकरण करून ठेवलंय: गणपतीची मिरवणूक, फुटबॉल संघाचा सत्कार, कुस्तीत जिंकून आलेल्या मल्लाची वरात. माणसांच्या मागं घरांचे दर्शनी भाग आलेले असतात. लग्नाच्या अल्बमात सोपा येतो. पण फोटोला खोली नसते. माजघर, त्यामागचं स्वयंपाकघर, परडं, शेणीचा ढीग, मागची बोळ यांचे फोटो कुणी काढत नव्हतं. फोटोत ओळखीच्या मापाची एखादी वस्तू असेल तर अंदाज बांधता येतो. मंगलोरी कौल साधारण सोळा इंच लांब आणि साडेनऊ इंच रुंद असतं. कौलांच्या ओळी मोजल्या की छपराची लांबी-रुंदी जवळपास सांगता येते. पण इथंच एक हमखास फसगत होते. कौलाच्या पाठीवर कारखान्याच्या नावाबरोबर '१८६५' असा आकडा उठवलेला सापडतो आणि घर १८६५ चं ठरवलं जातं. ते साल मंगळूरच्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं आहे. पुढची कित्येक दशकं तेच साल छापलेली कौलं निघत राहिली. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ मध्ये, आणि बाहेरचा असा जड माल इथं स्वस्तात पोहोचायला लागला तो त्यानंतर. शिवाय कौलं बदलली जातात. मंगलोरी कौलांखालचं घर छपरापेक्षा शंभर वर्षांनी जुनं असू शकतं. घराचं वय बघायचं तर कौलाकडं नको, जोत्याकडं आणि खांबाखालच्या तळखड्याकडं बघावं.

आता पाडून झालेल्या घराबद्दल. सुरुवात नगर भूमापन कार्यालयात करावी, कारण सगळे धागे सिटी सर्व्हे नंबराला बांधलेले असतात. कोल्हापुरात त्याच्याआधी वॉर्डचं अक्षर येतं: ए म्हणजे शिवाजी पेठेकडचा भाग, बी म्हणजे मंगळवार पेठ, ई म्हणजे शाहूपुरी-राजारामपुरी. अक्षर चुकलं की त्याच नंबराची भलतीच मिळकत हातात पडते. अपार्टमेंट झालेल्या जागी आजचा नंबर उपयोगाचा नाही, कारण दोन-तीन जुने नंबर एकत्र करून तो झालेला असतो. एकत्रीकरणाची नोंद बघायची, तिच्यातून बंद झालेल्या जुन्या मिळकत पत्रिकांचे नंबर काढायचे आणि त्या पत्रिकांची नक्कल मागायची. लोक इथंच थांबतात. पत्रिकेच्या मागं चौकशी नोंदवही असते, आणि खरा ऐवज तिच्यात आहे: पहिल्या भूमापनाच्या वेळी ताबा कुणाचा होता, कशाच्या आधारे, सामाईक भिंत कुठली, बोळावर हक्क कुणाचा. जुनी क्षेत्रं चौरस यार्डात आहेत. १ चौरस यार्ड म्हणजे ०.८३६ चौरस मीटर. रूपांतर करताना झालेली चूक तशीच पुढं पत्रिकेवर उतरत गेलेली दिसते, तेव्हा आकडा नेहमी मूळ एककात बघावा.

दुसरा धागा घरफाळ्याचा. आकारणी नोंदवहीत मालकाशेजारी भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना असतो आणि पेठांचा सामाजिक इतिहास त्या रकान्यात आहे. वाड्याला नाव मालकाचं. पण मागच्या दोन खोल्यांत शाहू मिलचा कामगार, जिन्याखाली शिंपी, माडीवर १९२९ साली इथं सुरू झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभातसारख्या कंपन्यांतला एखादा रंगारी, ही माणसं कुठल्याही खरेदीखतात सापडणार नाहीत. घर क्रमांक मात्र फेरआकारणीत बदलतात. म्हणून एकाच घराचा क्रमांक धरून मागं जाऊ नये, गल्लीतली आठ-दहा घरं क्रमानं उतरवून घ्यावीत. नावांची रांग ओळखीची वाटली की क्रमांक कुठं सरकला ते कळतं.

तिसरा धागा दुय्यम निबंधकांकडच्या दस्तांचा, आणि हा सर्वांत रंगतदार. प्रत्येक खतात चतु:सीमा असते: 'पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस अमुक यांचे घर, उत्तरेस तमुक यांचे घर व मधील भिंत सामाईक.' एका खताची दक्षिण म्हणजे दुसऱ्याची उत्तर. एकाच सुमाराची चार-पाच खतं मिळाली की टेबलावर पत्ते मांडावेत तशी गल्ली उभी राहते. जिथं जुळत नाही तिथं मधे वाटणी किंवा विक्री झालेली असते, ती शोधायची. अडचण अशी, की दस्तलेखक चतु:सीमा मागच्या खतावरून उतरवून काढत. त्यामुळं शेजारी म्हणून ज्याचं नाव आहे तो वारून तीस वर्षं झालेली असतात. दस्ताची तारीख ही चतु:सीमेची तारीख समजली की सगळी गल्ली एका पिढीनं चुकते.

संस्थानी काळातले कागद मोडीत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ते ढिगानं आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळं आडनाव वाचताना घाई केली की भलत्याच घराण्याला वाडा बहाल होतो. सालांचंही तसंच. कागदावर शक, फसली, शुहूर अशा जुन्या कालगणना असतात. इसवी सन काढायला शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. कुठला सन आहे हे न बघता बेरीज केली तर फसली-शुहूरच्या गल्लतीतच घर नऊ-दहा वर्षांनी म्हातारं किंवा तरुण होतं.

माणसांना विचारणं शेवटी, कागद हातात आल्यावर. 'पूर्वीचं घर कसं होतं हो काका?' असं विचारलं की काका कादंबरी सांगतात. 'आजी, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तुम्ही कुठल्या खोलीतून बाहेर पळालात?' असं विचारलं की दार, जिना, अंगण सगळं मापात येतं, आणि तारीखही मिळते: ११ डिसेंबर १९६७. भाडं किती, पाणी कुठून भरायचा, संडास कुठं होता, असं विचारावं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारावं. एकत्र बसले की मोठ्या आवाजाचं खरं ठरतं.

चौथी जागा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या इमारतीच्या मंजुरीची फाइल नगररचना विभागात असते. त्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल रंगात आणि पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवायचं, असा नियमच आहे. म्हणजे पाडलेल्या प्रत्येक घराचं शेवटचं चित्र सरकारदरबारी जमा होतंच. पण ते बाह्यरेषेपुरतं. एक चौकोन, आत पिवळ्या रेघा. खण नाहीत, खांब नाहीत, जिना नाही, चौक नाही. त्या चौकोनाच्या आत घर भरायला लावा, एवढंच तर म्हणणं आहे. नियम आहे, रकाना आहे, फाइल आहे, रंगसुद्धा ठरलेला आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला: हे सगळं वाडेवाल्यांचं कौतुक आहे. ज्यांना वाड्याच्या सोप्यावर बसू दिलं जात नव्हतं त्यांनी त्याच्या नोंदी का जपायच्या? आक्षेप बरोबर आहे, पण तो हळहळीवर लागू पडतो, मोजमापावर नाही. बासरीच्या व्हिडिओत झोपाळा येतो, कोनाडा येतो, तुळशीवृंदावन येतं. मोजलेल्या आराखड्यात टोपलीचा संडास येतो आणि तो साफ करणाऱ्या माणसानं पुढच्या दारानं येऊ नये म्हणून राखलेली मागची बोळ येते. पाळीत बायकांना वेगळं बसवायची तीन फुटांची जागा येते. धुरानं काळ्या झालेल्या, खिडकी नसलेल्या स्वयंपाकघराची लांबी-रुंदी येते, जिथं बाईचा दिवस जात होता. आराखडा कुणाची भीड ठेवत नाही. शाहू महाराजांनी जो उंबरा ओलांडता यावा म्हणून १९०२ चं आरक्षण आणलं, तो किती उंच होता हे इंचांत सांगणारा पुरावा आपण ट्रॅक्टरमधून टाकून देतोय. आणि नियम साठ वर्षांवरच्या प्रत्येक घराला हवा, तो यासाठीच: दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरालाही, १८९५ नंतर वसलेल्या शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीलाही. वारसा यादीत नाव यायला कमानी लागतात; नोंदीला भिंत पुरते.

दुसरा: जुनं उकरलं की भांडणं निघतात. वाटण्या, बळकावलेले बोळ, नावावर न चढलेल्या बहिणी. आणि त्याहून खोल जखम म्हणजे १९४८. गांधीहत्येनंतर कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, जयप्रभा स्टुडिओ जळाला, काही कुटुंबं गाव सोडून गेली. त्या जागांवर आज कोण राहतं हे कशाला विचारायचं? ही भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पण कागद गप्प असले म्हणजे गल्ली गप्प असते का? त्या जाळपोळीबद्दल आज जे बोललं जातं ते दोन्हीकडून ऐकीव असतं आणि दर पिढीला त्यात भर पडते. कुठलं घर जळालं, कुठलं नंतर पडलं, कुठलं त्याआधीच रीतसर विकलं गेलं होतं, हे वेगळं करायचं साधन फेरफार आणि खतं हेच आहे. मात्र एक पथ्य हवं. आजच्या मालकीविषयी, चालू दाव्यांविषयी नोंदीत अवाक्षर नको. इतिहास लिहिताना हक्काचा निवाडा करू लागलो तर पहिली नोटीस आपल्यालाच येईल, आणि ती योग्यच असेल.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: आणखी एक अट म्हणजे आणखी एक शिक्का, आणि शिक्का म्हणजे टेबलाखालचा हात. खरं आहे. म्हणून तपासणी अधिकारी नकोच. परवान्यासाठी आर्किटेक्ट तसाही असतो. त्यानंच मोजमापाचा आराखडा सही करून द्यावा, महापालिकेनं ठरावीक दरानं त्याला पैसे द्यावेत, सात दिवसांत आक्षेप आला नाही तर अट पूर्ण झाली असं समजावं. नोंदीच्या कारणावरून परवाना अडवण्याचा अधिकारच कुणाला नसावा. एक प्रत पुराभिलेखागारात, एक १८५० पासून उभ्या असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा 'होतं तसं उभं करा' अशी हाक सगळ्या शहरानं दिली. 'होतं तसं' या दोन शब्दांचा अर्थ मापांशिवाय काढता येत नाही, हे त्या एका वास्तूपुरतं सगळ्यांना पटलं. घरांपुरतं पटायला काय हरकत आहे?

काम किती, तर सहा खणी दुमजली घराला तिघांचे दोन दिवस. वेळ साधणं महत्त्वाचं. सामान निघालं की जुन्या लाकडाचा व्यापारी येतो आणि आधी दारं, मग खांब, मग तुळया सोडवून नेतो. मधे मिळतात ते दोन-तीन दिवसच. तीस मीटरचा टेप, ओळंबा, आलेखाचा कागद. प्रत्येक खोलीच्या चार बाजू घेऊन भागत नाही, दोन्ही कर्ण घ्यावेत. जुनी खोली काटकोनात सहसा नसते आणि कर्णांवाचून आराखडा मिटत नाही. भिंतीची जाडी दर मजल्याला वेगळी मोजावी, खाली दोन फूट असलेली भिंत माडीवर दीड असते. माप गिलाव्यापासून घेतलं की खांबापासून ते लिहावं. खांबांना खडूनं नंबर टाकून मगच फोटो काढावेत. मोबाइलचं रुंद भिंग वापरू नये, त्यानं कडा वाकतात. चौकटीत एक फूटपट्टी उभी धरावी. उत्तर दिशा, तारीख, मोजणाऱ्यांची नावं, १:५० प्रमाण.

आणि आड. तो आराखड्यावर हमखास राहून जातो, कारण त्यावर फरशी टाकून कधीच मोरी केलेली असते. टिकावाच्या दांड्यानं जमीन ठोकत जावं. आवाज पोकळ आला की आडाच्या मध्यापासून दोन पक्क्या कोपऱ्यांपर्यंत अंतर घ्यावं. घर पाडताना पहिला राडारोडा त्याच आडात ढकलला जातो, वर मुरूम पसरतो, आणि दोन पावसाळ्यांनी नव्या इमारतीचा एकच कोपरा खचायला लागला की सगळे सिमेंटला दोष देतात. तेव्हा त्या कोपऱ्याखाली काय होतं हे सांगणारा कागद मंजुरीच्याच फाइलमध्ये, पिवळ्या रेघांच्या आत, सापडला पाहिजे.